वाद्यं किती ठेवावीत: पट्टी, पाऊस आणि प्रवासाचा हिशेब

तबला वाजवणाऱ्याच्या घरी कपाटावर तबले चार-पाच दिसतात आणि डग्गे (डाव्या हाताने वाजवायचे) एक किंवा फार तर दोन. घरच्यांना ही नुसती हौस वाटते. हौस असतेच, पण या आकड्यांमागे कारण आहे. डग्गा मनगटाच्या दाबाने वर-खाली होतो, त्याला नेमका स्वर लावावा लागत नाही. तबला मात्र गाणाऱ्याच्या पट्टीत (त्याचा ‘सा’ ज्या स्वरावर असतो ती) मिळवावाच लागतो, आणि एक तबला आपल्या जागेवरून फार सरकत नाही. म्हणून तबले वाढत जातात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात हे जास्तच होतं. एकाच रात्री देवळात काळी १ मध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर ‘सा’ धरून) अभंग होतो, मग एखादी बाई काळी ४ मध्ये नाट्यगीत म्हणते, शेवटी कन्नड दासरपद (हरिदासांचं भक्तिपद) येतं ते तिसऱ्याच पट्टीत. त्यात हवा वेगळी. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे चामडं सुकत नाही आणि अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात ते करकरीत ताणतं. शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात एकच वाद्य दोन स्वभावांचं होतं.

तरीही आमचं म्हणणं असं की बहुतेक घरांत गरजेपेक्षा जास्त वाद्यं असतात आणि त्यातली निम्मी वाजण्याच्या स्थितीत नसतात. न वाजणारं वाद्य तसंच राहत नाही, ते खराब होत जातं. म्हणून किती वाद्यं लागतात हे एकदा कागदावर मांडून घ्यावं.

आधी वही

घरातलं प्रत्येक वाद्य खाली काढा आणि एका वहीत त्याच्यासाठी एक पान करा. तबला असेल तर तोंडाचा व्यास मोजा. एका बाजूच्या गजऱ्याच्या (तोंडाभोवतीच्या चामडी वेणीच्या) आतल्या कडेपासून समोरच्या गजऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत टेप धरा आणि पाव इंचापर्यंत नोंद करा. पुडी (तोंडावरचं चामडं) शेवटची कधी बदलली, वादी (ती ताणून धरणारी चामड्याची पट्टी) कधी ओढली, शेवटचा कार्यक्रम कोणता, हे आठवेल तसं लिहा. आठवतच नसेल तर तेही लिहा, कारण ते वाद्य किती वाजतं याचं उत्तर त्यातच आहे.

मग त्या तबल्याची स्वतःची पट्टी शोधा. आठही गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) तबल्याच्या लाकडी खोडाच्या मधोमध आणा, म्हणजे वर सैल नाहीत आणि खाली ठासलेले नाहीत. चाटेवर (कडेच्या चामड्यावर) ‘ना’ वाजवून सोळाही घरं (गजऱ्यावर वादीच्या फेऱ्यांमधल्या जागा) एका स्वरात आणा. ज्या स्वरावर ‘ना’ स्वच्छ, लांब आणि गोल निघतो ती त्याची पट्टी. फोनवरच्या ट्यूनरने बघायचं तर ‘ना’चा नाद स्थिरावल्यावरचा आकडा घ्या. थाप पडतानाचा आकडा फसवतो.

तोंडाच्या मापावरून अंदाज असा बांधता येतो: ५ इंचाचा तबला साधारण काळी २ च्या आसपास, ५¼ चा काळी १ ते पांढरी २, ५½ चा पांढरी १ ते काळी १, पावणेसहा ते ६ इंचाचा काळी ५ ते पांढरी ७, आणि सहाच्या वरचा काळी ४ किंवा त्याखाली. शाई (पुडीवरचा मधला काळा थर) जाड असेल तर तबला ढाला, म्हणजे खालच्या स्वरात, बोलतो, पातळ असेल तर चढा. म्हणून माप हा अंदाजच आहे, खरं काय ते कान सांगतो.

दोन तबल्यांत बारा पट्ट्या

वहीच्या दुसऱ्या पानावर वर्षभरात तुम्ही ज्यांच्या साथीला बसता त्यांची पट्टी लिहा. नावं नकोत, पट्टी आणि वर्षातले कार्यक्रम एवढंच पुरे. ही यादी बहुतेकदा तीन-चार पट्ट्यांतच संपते.

तबला नेहमी षड्जातच (‘सा’त) लावावा लागत नाही. गाणाऱ्याच्या पंचमात (‘प’) किंवा मध्यमातही (‘म’) तो लागतो. चांगला तबला आपल्या पट्टीपासून वर अर्धा आणि खाली अर्धा स्वर विनातक्रार जातो. म्हणजे काळी १ चा तबला पांढरी १ पासून पांढरी २ पर्यंत आणि काळी २ चा तबला पांढरी २ पासून पांढरी ३ पर्यंत. या दोन तबल्यांत पांढरी १ ते पांढरी ३ हे पाच स्वर सलग मिळाले. आता पुढचं बघा.

या पाच पट्ट्यांत गाणाऱ्यांना तबला षड्जात लागेल. पांढरी ४, काळी ३, पांढरी ५, काळी ४ आणि पांढरी ६ मध्ये गाणाऱ्यांचा पंचम याच पाच स्वरांत येतो: काळी ३ चा पंचम काळी १, काळी ४ चा पंचम काळी २. उरल्या काळी ५ आणि पांढरी ७. त्यांचा मध्यम अनुक्रमे काळी २ आणि पांढरी ३. बाराही पट्ट्या झाल्या. काळी २ चा एकच तबला काळी २ च्या पुरुषाला षड्जात, काळी ४ च्या बाईला पंचमात आणि काळी ५ च्या बाईला मध्यमात चालतो, हे ध्यानात ठेवलं तर दुकानातल्या अर्ध्या खरेद्या टळतात.

हा हिशेब राग कुठे मोडतो तेही माहीत हवं. काळी ५ मध्ये यमन असेल तर मध्यमात लावलेला तबला चालत नाही, कारण यमनात मध्यम तीव्र आहे. मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे मध्यम घ्यायचा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांत पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, म्हणून तबला षड्जातच हवा. काळी ४ किंवा काळी ५ मध्ये गाणाऱ्या बाईंसोबत तुम्ही ख्यालाच्या साथीला बसत असाल तर पावणेसहा इंचांचा किंवा त्याहून मोठा ढाला तबला ही खरी गरज आहे. फक्त भजन, अभंग आणि भावगीत वाजवत असाल तर नाही.

म्हणून आमचा आकडा असा: भजन-सुगम वाजवणाऱ्याला दोन तबले आणि एक डग्गा. ख्यालाची साथ करणाऱ्याला तीन तबले आणि एक डग्गा. पावसासाठी यात एकाची भर पडते, ती कशी ते पुढे. पाचवा तबला घेण्याआधी वहीतलं दुसरं पान उघडून कुठली पट्टी रिकामी आहे ते बोटाने दाखवता आलं पाहिजे.

मिळवताना काय बिघडतं

जास्तीचे तबले जमण्याचं एक कारण असं, की चांगला तबला ‘बसला’ म्हणून बाजूला पडतो आणि नवा येतो. पुष्कळदा तो बसलेला नसतो, नीट मिळवलेला नसतो.

मोठा फरक गट्ट्यांनी काढा, बारीक फरक गजऱ्याने. गट्टा खाली ठोकला की स्वर चढतो, वर घेतला की उतरतो. गजऱ्यावर वरून हलका ठोका दिला तर चढतो, खालून वर दिला तर उतरतो. एक गट्टा ठोकला की पुढचा ठोका शेजारच्यावर नको, समोरच्यावर द्या. मग काटकोनातल्या दोघांवर. शेजारी-शेजारी ठोकत गेलं की पुडी एका अंगाला कलते, शाई मध्यावरून सरकल्यासारखी होते आणि ‘तीं’ फाटका येतो. जिथे स्वर उतरलेला वाटतो तिथेच ठोकत राहणं ही नेहमीची चूक आहे. पुष्कळदा समोरचं घर चढलेलं असतं आणि तेच उतरवायचं असतं.

हातोडी गजऱ्याच्या वेणीवरच पडली पाहिजे. ती चाटेच्या कडेला लागली की तिथे बारीक चीर पडते. ती आठ-पंधरा दिवस दिसत नाही, पुढच्या तापलेल्या मंडपात फाटते.

गट्टे खोडाच्या तळाशी पोचले आणि तरी स्वर येत नसेल तर थांबा. वादी सैल झाली आहे. ती कारागिराकडून ओढून घ्यायची, पुडी बदलायची गरज नसते. शाई खडखडत असेल, बोट फिरवल्यावर कण निघत असतील किंवा ‘ना’ला शेपूट राहिली नसेल, तरच पुडी संपली.

पाऊस आणि कोरडा पट्टा

जूनमध्ये पाऊस लागला की चामडं ओल धरतं, सैल पडतं आणि तबला अर्धा-पाऊण स्वर उतरतो. मग काळी १ मिळवायला गट्टे तळाला नेले जातात. श्रावणातली भजनं आणि गणपतीतले कार्यक्रम त्यावर निघतात. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते, चामडं आवळतं आणि तळाला ठासलेल्या गट्ट्यांमुळे पुडीला जागाच उरत नाही. एके सकाळी ती गजऱ्याच्या कडेने फाटलेली सापडते. आमच्या भागात पुडी फाटण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे, आणि ते पूर्ण टाळता येतं: पाऊस उघडला की पहिल्या आठवड्यात सगळ्या तबल्यांचे गट्टे मध्यावर आणा.

पावसाळी तबला वेगळा ठेवायचा तो याचसाठी. ज्याची स्वतःची पट्टी पांढरी २ आहे असा तबला जुलैत आपोआप काळी १ च्या जवळ येतो आणि गट्टे न ठासता वाजतो. नवा घ्यायलाच हवा असं नाही. घरातल्या जुन्या तबल्यांपैकी अर्धा स्वर चढा बोलणारा निवडा आणि त्याच्या पानावर ‘जून ते सप्टेंबर’ असं लिहून ठेवा.

वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकून किंवा फरशीवर ठेवू नका. तबला कापडी पिशवीत घाला. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल कोंडते आणि शाईवर बुरशी येते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलला की त्या कोरड्या तव्यावर मंद आचेवर शेकून पुन्हा वापरता येतात. जुन्या पद्धतीचा पिवळा २५ वॉटचा बल्ब कपाटाच्या खालच्या खणात लावला तर ऊब राहते, पण वाद्य त्यापासून हातभर लांब हवं. एलईडीचा उपयोग नाही, तो फारसा तापत नाही. चुलीजवळ किंवा थेट उन्हात तबला ठेवून ‘चढवू’ नका. चामडं भराभर ताणतं, शाईला तो वेग झेपत नाही आणि तिला खोल भेगा पडतात.

प्रवासाचा नियम सोपा आहे. खानापूरहून अथणीकडे जाताना तबला सकाळी मिळवून नेऊ नका, उलट गट्टे थोडे वर घ्या. तिथे तो चढणारच आहे. अथणीहून जांबोटीकडे येताना तो उतरेल, म्हणून खाली जागा शिल्लक आहे ना ते निघण्याआधी बघा. कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर वीस-तीस मिनिटं पिशवीतून काढून मंचावरच ठेवा आणि मग मिळवा. मोठे दिवे लागल्यावर पुन्हा एकदा, कारण दिव्याच्या उष्णतेने स्वर चढतो.

पेटी

पेट्या जमतात त्या वेगळ्या कारणाने. एक आजोबांची, एक क्लासला शिकताना घेतलेली, एक घडीची प्रवासाची आणि एक ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून आलेली. बेळगावला पेटीची मोठी परंपरा आहे, पं. रामभाऊ विजापुरे यांनी याच शहरात कित्येक विद्यार्थी घडवले. त्यामुळे जुन्या, उत्तम सुरांच्या पेट्या इथल्या घरांत आजही सापडतात. त्या सोडू नयेत. पण सोडायची कुठली, हे कळायला पेटी तपासता यायला हवी.

सगळे स्टॉपर (हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या समोरच्या खुंट्या) बंद करा, भाता भरा आणि हात काढा. एकही पट्टी दाबू नका. भाता जागेवर थांबला पाहिजे. तो चार-पाच सेकंदांत बसला तर हवा कुठेतरी निसटते आहे. भात्याच्या घड्यांवरून ओला हात फिरवा, गळती असेल तिथे गार लागतं. घड्यांवरची चीर कातड्याचं ठिगळ लावून बंद होते. आतल्या फळीला भेग असेल तर काम मोठं आहे.

मग स्टॉपर उघडून एकेक पट्टी हळूच दाबा. दाबल्याबरोबर सूर लागला पाहिजे, आधी ‘फुस’ नको. पट्टी सोडल्यावर स्वर रेंगाळत असेल तर झडपेवरचं कापड-कातडं घासलं आहे किंवा तारेची स्प्रिंग मऊ पडली आहे. नर (जाड) आणि मादी (बारीक) सुरांच्या ओळी एकत्र वाजवल्यावर स्वर लाटेसारखा वर-खाली हलत असेल तर त्या ओळी आपसात उतरल्या आहेत. मिळवून घेता येतात.

एखादा सूर मुका झाला तर बहुतेक वेळा त्याच्या जिभेखाली (थरथरून आवाज करणाऱ्या पातळ धातूच्या पट्टीखाली) कचऱ्याचा कण अडकलेला असतो. पातळ कोरा कागद जिभेखालून हलकेच सरकवा. ब्लेड किंवा सुई घालू नका. जिभेच्या टोकाशी धातू खरवडला गेला तर स्वर चढतो, बुडाशी खरवडला गेला तर उतरतो. मिळवणारे कारागीर याच रीतीने काम करतात, आणि नेमकं म्हणूनच चुकून पडलेला ओरखडाही सूर बिघडवतो. पावसात पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात. त्यांत तेल सोडलं तर धूळ चिकटते आणि सप्टेंबरपर्यंत सगळंच जाम होतं. पेटी रोज दहा मिनिटं वाजवणं आणि झाकणाखाली सिलिका जेल ठेवणं एवढं पुरतं.

स्केल चेंजर (पट्ट्यांची फळी सरकवून ‘सा’ बदलता येणारी पेटी) घ्यावी का? ज्यांची बोटं दोन-तीन पट्ट्यांतच चालतात त्यांना तीन साध्या पेट्यांपेक्षा एक चांगली स्केल चेंजर बरी. घेताना मात्र पट्ट्यांची फळी प्रत्येक खाचेत सरकवून सगळ्या पट्ट्या वाजवून बघा. एखाद्या खाचेत पट्टी झडपेवर नीट बसत नाही आणि दोन सूर एकदम बोलतात, हा दोष दुकानात काळी १ वाजवून कधीच कळत नाही. वजनही जास्त असतं आणि दुरुस्तीही. आमचं मत स्पष्ट आहे: शिकणाऱ्याने पेटी बारा पट्ट्यांतून वाजवायला शिकावं, मग घरी एक चांगली आणि प्रवासाला एक घडीची, अशा दोनच पेट्या जन्मभर पुरतात.

आजच्या पेट्या बहुतेक ४४० वर (पांढरी ६ = ४४० हर्ट्झ) मिळवलेल्या असतात. जुनी पेटी तशी असेलच असं नाही. ती ॲपच्या तानपुऱ्यासोबत किंचित उतरलेली किंवा चढलेली वाटली तर लगेच खरवडून घेऊ नका. ॲपमध्ये बारीक स्वर सरकवायची सोय असते, तानपुरा पेटीच्या स्वरावर आणा आणि तो आकडा पेटीच्या पानावर लिहून ठेवा.

तानपुरा आणि बासरी

तानपुरे दोन असणं योग्य आहे, जर घरात बाई आणि पुरुष दोघंही गात असतील. पुरुषी तानपुरा पांढरी १ ते काळी २ साठी असतो, जनानी काळी ४-काळी ५ साठी. जनानी तानपुरा काळी १ ला आणला तर तारा लोंबतात आणि जवारी (घोडीवर तारेची उठणारी गुंज) बोलत नाही, पुरुषी तानपुरा वर चढवला तर तार तुटते. एकटाच गाणारा असेल तर एक लाकडी तानपुरा आणि बाहेरगावी ॲप. दोन-तीन महिने वाजवायचा नसेल तर सगळ्या तारा स्वर-दीड स्वर उतरवून ठेवा, ताणाने तबली दबते.

बासरीवाल्याला आमचा वरचा हिशेब लागू नाही. बासरीची पट्टी बांबू कापतानाच ठरते आणि नंतर सरकत नाही. ज्या पट्ट्यांत साथ करायची तेवढ्या बासऱ्या लागणारच, दहा-बारा असल्या तरी त्या जास्तीच्या नाहीत.

मंडळाची वाद्यं

येळ्ळूर, कडोली, सांबरा, बेळगुंदी, नंदगड अशा गावांत देवळाच्या खोलीत भजनी मंडळाची वाद्यं असतात आणि सभासदांच्या घरीही तीच वाद्यं असतात. इथे दुप्पट खरेदी सर्रास होते. मंडळाने दोन पखवाज, दोन पेट्या आणि बसणाऱ्यांइतके टाळ ठेवावेत. दुसरा पखवाज यासाठी की भजन रात्रभर चालतं आणि पुडी मध्यरात्री फाटली तर कारागीर मिळत नाही. तिसऱ्याची गरज नाही.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर आवाज जाड व्हावा म्हणून लावलेली कणीक भजन संपल्या-संपल्या काढा, ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा. सकाळी काढू म्हणून ठेवली तर मुंग्या येतात, उंदीर पुडीसकट कुरतडतात आणि ओल धरून चामडं कुजतं. देवळाच्या खोलीत उंदीर असतातच, म्हणून पखवाज आडवा जमिनीवर न ठेवता दोरीने टांगलेला बरा. टाळ घेताना सगळे एकाच दिवशी, एकाच कारागिराकडून घ्या आणि वाजवून जोड्या लावा. थोडे-थोडे करून जमवलेले टाळ एकमेकांच्या स्वरात नसतात आणि वीस जण वाजवू लागले की अभंगाचे शब्द कळत नाहीत.

कोणत्या वाद्याची जबाबदारी कोणाकडे, ते नाव घालून लिहा. ‘मंडळाचं’ म्हटलं की गट्टे कोणीच सैल करत नाही.

क्लास घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. विद्यार्थ्यांचे चार तबले चार पट्ट्यांतले असू नयेत. सगळे ५¼ इंचाचे, एकाच पट्टीत मिळवलेले ठेवा, नाहीतर मुलांचा कान पहिल्याच वर्षी बिघडतो. मंचावरचा तबला क्लासात आणू नका.

दुरुस्ती कधी, आणि काय द्यायचं

पुडी बदलायची तर मार्च ते मे. शाईचे थर एकामागून एक चढतात आणि प्रत्येक थर सुकावा लागतो. दमट हवेत घाईने भरलेली शाई लवकर सुटते. जूननंतर कारागिरांकडे गणपतीच्या कामाची गर्दीही होते. तानपुरा आणि सतारीसाठी मिरजेला जावं लागतं. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचे भोपळे मंगळवेढ्याच्या बाजूचे. बेळगावहून घटप्रभा, रायबाग, कुडचीमार्गे रेल्वे थेट मिरजेला जाते. तानपुरा नेताना भोपळ्याची बाजू खाली किंवा बाकावर टेकवून ठेवू नका. आपल्या मांडीवर किंवा दोन गाद्यांच्या मध्ये घ्या. एका फेरीत सगळी कामं न्या: जवारी, खुंट्या, तारा. खुंटी सरकत असेल तर तिथे खडू लावून वेळ मारून नेता येते, पण भोक घासलं असेल तर खुंटीच बदलावी लागते.

वहीत वर्षभरात एकदाही न वाजलेलं वाद्य दिसलं तर तीन प्रश्न विचारा. त्याची पट्टी दुसऱ्या कुठल्या वाद्याने भरून निघते का? ते आज वाजण्यासारखं आहे का? आठवड्याला पंधरा मिनिटं ते वाजवायला घरात हात आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल तर ते जाऊ द्या. वडिलांचं, गुरूंचं वाद्य असेल तर गोष्ट वेगळी. ते ठेवा, पण वाजतं ठेवा. अशी दोन-तीन असतील तर एक घरी वाजतं ठेवा आणि बाकीची त्याच घराण्यातल्या किंवा त्याच क्लासातल्या मुलाच्या हातात द्या.

देताना मोडकं देऊ नका. तबला द्यायचा तर वादी ओढून, गट्टे मध्यावर आणून, हातोडी, चुंबळ आणि पिशवीसकट द्या. वहीतलं त्याचं पान फाडून सोबत द्या, म्हणजे घेणाऱ्याला तोंडाचं माप, त्याची पट्टी आणि पुडी केव्हा बदलली हे पहिल्याच दिवशी कळेल. पेटी देताना कुठला सूर उशिरा बोलतो ते त्या पट्टीवर पेन्सिलीने खूण करून दाखवा. आणि घेणारा खानापूरकडचा असेल तर गट्टे कुठल्या महिन्यात खाली आणि कुठल्या महिन्यात वर, एवढं समोर बसवून एकदा करून घ्या.